फुलूची साथ

घाटंजीच्या बाजारात त्या दिवशी माझ्या नावाची दवंडी पिटली गेली... आणि मी इकडे तांड्यावर भाकरी थापत बसलेली, मला पत्ताच नाही!

सत्तावन्न साल. वैशाखात लग्न होऊन मारेगावकडच्या माहेराहून मी घाटंजीजवळच्या तांड्यावर नांदायला आले होते. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, पण नात म्हणते फेसबुकवर कुणाला कळणार नाही, म्हणून मराठीत सांगते आहे. मला अक्षर येत नाही, टाइप ती करते... चुका निघाल्या तर तिच्या.

नाव माझं फुलाबाई. पण माहेरी सगळे फुलू म्हणायचे, सासरीही तेच चिकटलं.

तर आमचे कारभारी बाजार करून आले. कारभारी म्हणजे तांड्याच्या नायकाच्या खालोखाल ज्यांचा शब्द चालायचा ते. कानानं थोडे कमी, पण आवाज दोघांचा. बैल हरवल्यासारखं तोंड करून त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, "सरकारनं दवंडी देल्ली. फुलूची साथ आली हाय. फुलूच्या साथीत राहू नका, जवळ बसू नका, तोंडाले फडकं बांधा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी घुंगट आणखी खाली ओढला... मनात म्हटलं, अगं बाई, सरकारला माझं नाव कुणी सांगितलं?

हसू नका. आम्हाला मराठी बाजारापुरतीच यायची. साथ म्हणजे सोबत, एवढंच ठाऊक. रोगाचीही साथ असते आणि फ्लू नावाचा रोग असतो, हे तांड्यावर कुणी ऐकलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळे हसलेच. मग नायकाला ताप भरला, मग माझ्या दिराला, मग माझ्या मालकाला... एकेक गडी वाकळ पांघरून आडवा झाला आणि हसणं बंद झालं.

विहिरीवर बायका दोर माझ्या हातात देईनात. ज्या जावेनं लग्नात माझ्या हातात चुडा भरला होता, ती लेकराला ओढणीआड लपवायला लागली. शेवटी कारभारी दारात येऊन म्हणाले, "हिले माहेरी पाठवा. रोग गेला का आणू."

आणतं कोण? असं नाव घेऊन परत गेलेल्या पोरीला कुणी आणत नसतं, हे मला कळत होतं. माझ्या बापानं जन्मभर खाली मान घालून फिरायचं. मी गाठोडं बांधलं. रडले नाही... चूल फुंकता फुंकता डोळे पुसले, नाव धुराचं.

माझी सासू, तिला मी याडी म्हणायची, म्हणजे आई... ती उठली. तिनं बैल सोडले, गाडीपाशी आणले.

तेवढ्यात सायकलवरून सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर आला. गोळ्या वाटता वाटता म्हणाला, "घाबरू नका, फ्लू हाय. यवतमाळले हाय, नागपूरले हाय, मुंबईले तं घरोघरी हाय."

याडीचा हात कासऱ्यावर थांबला.

"दादा, इकडं पाह्य. हेच आमची फुलू. आली तशी चुलीपासून विहिरीपर्यंत गेली, तिसरी जागा पाह्यली नाही तिनं. थे मुंबईले घरोघरी कवा जाऊन आली?"

कंपाउंडर हसून हसून सायकलसकट पडायचा बाकी राहिला. मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं, रोग कसला, साथ कसली. वाकळीखालचे सगळे गडी हसले... हसले आणि खोकले, खोकले आणि पुन्हा हसले.

कारभारी मात्र हटेनात. "मंग दवंडीत पोरीचं नाव काहून घेतलं?"

याडी म्हणाली, "थे दवंडीवाल्याले इचारा, कारभारी. माही पेरणी राह्यली हाय. मले तं फुलूची साथ पाह्यजे."

आणि तिनं बैल वळवले ते थेट वावराकडे. बाईनं पेरणीची तिफण धरायची नाही, अशी तेव्हाची रीत. पण रीत सांगणारे गडी तापानं फणफणलेले, सांजेपर्यंत कारभारीही वाकळीत... बोलणार कोण? याडीनं तिफण हाकली, मी मागून सरकी सोडत गेले.

दुसऱ्या दिवशी माझी जाऊ वावरात हजर. तोंडाला ओढणी, डोळे खाली. माफीबिफी काही नाही. माझ्या ओटीतली सरकी काढून घेत म्हणाली, "सरक तिकडं. तुले बी टाकता येत नाही." इतका गोड टोमणा मी त्यानंतर ऐकला नाही! मग एकेक करून तांड्यातल्या बायका आल्या. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. बोलणं कमी, खोकणं जास्त, पण पेरण्या उरकल्या.

गडी उठून उभे राहिले तेव्हा अंकुर वर आले होते. कारभारी काठी टेकत बांधावर आले आणि पेरणीच्या ओळी पाहून म्हणाले, "हे काय तास हायत? साप गेल्यावानी वाकडे."

"असू द्या, कारभारी," याडी म्हणाली. "वाकड्या तासातून कापूस का वाकडा निघते?"

कोरोनात सगळे मास्क लावून घरात बसले, तेव्हा नात विचारायची, आजी, तुला भीती नाही वाटत? रोगाची वाटते की... रोगाची कुणाला वाटत नाही? पण मी त्याआधी माणसांची भीती पाहिली होती, आणि ती कशी मोडतात तेही पाहिलं होतं.

याडीला जाऊन खूप वर्षं झाली. तिनं मला कधी शाबास म्हटलं नाही, जवळ घेतलं नाही. माहेरच्या वाटेला लागणारे बैल वावराकडे वळवले, एवढंच केलं तिनं... तेवढ्यावर माझा सगळा संसार उभा राहिला.