सोमवारची साखर

पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही तर इन्सुलिन, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. सुईच्या नावानेच मला घाम फुटतो. म्हणून बायकोने माझ्यासाठी सोमवारचे उपास धरले. गोळ्या मी घ्यायच्या, देवाचं खातं तिच्याकडे.

आता घरात एक माणूस उपाशी असताना दुसऱ्याने पोळीभाजी चेपणं बरं दिसत नाही. मीही तिच्याबरोबर उपासाचंच खाऊ लागलो. आम्ही राहतो त्या वेलचेरीत तमिळ लोक साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात आणि तो चांगला टपोरा मिळतो. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ नि बटाट्याची भाजी, संध्याकाळी तुपात परतलेल्या रताळ्याच्या फोडी. ती दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणायची. उरलेलं मी संपवायचो. उपासाचं अन्न टाकवत नाही.

साखर वाढली. इन्सुलिन सुरू करण्याआधी कारण शोधायचं म्हणून डॉक्टरांनी दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर चिकटवला. डॉक्टर तंजावरच्या मराठी घरातले. मराठी जुनी, सूर तमिळ. पुढच्या खेपेला आलेख बघून म्हणाले, "सार, दर सोमवारीं हा डोंगर कसला?"

"सोमवारी मी काहीच खात नाही," मी म्हणालो. "उपास असतो."

"काहीच म्हणजे काय काय?"

मी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावलं, की खरोखर उपाशी राहिलं तर शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं आणि ती संपत आली की चरबीकडे वळतं. माझ्या शरीरावर ती वेळ कधी आलीच नव्हती.

"अय्यो, आम्ही उपासाला भात सोडून उपमा खातों," ते म्हणाले. रव्याने उपास मोडतो, हे मी बोललो नाही. आधीच माझी बाजू लंगडी होती.

घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती रडायला लागली. "अहो, माझ्याच हाताने..." एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. उपास सोड म्हटलं, तर ऐकेना.

आता आमच्याकडे साबुदाणा भिजत नाही. सोमवारी ती नुसत्या ताकावर असते. मला समोर बसवून भाकरी, पालेभाजी, वरण वाढते आणि पान संपेपर्यंत उठू देत नाही. साखर उतरली, सुई टळली. माझं जेवण चालू असताना ती बहिणीला फोनवर सांगते, महादेव पावला बाई. माझ्या तोंडात घास असतो, त्यामुळे मी काही बोलत नाही. तिच्या पोटातली गुडगुड मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येते.