मशीनवर पहिलं नाव कुणाचं

“ज्याची कात्री त्याच्या खुंटीला.” थोरली हे वाक्य उठताबसता म्हणायची. कुणी तिच्या टेबलावरची पट्टी उचलली की म्हणायची, चहाचा कप बदलला की म्हणायची, आणि दोघांचं भांडण मिटवायला बसली तरी निवाडा याच चार शब्दांत करून मोकळी व्हायची.

शिवणाचं ते दुकान दोघी जावांचं. मोठ्या भावाची बायको ती थोरली, लहान भावाची ती धाकटी. गल्लीनं त्यांना दुसरी नावं कधी दिलीच नाहीत. थोरली कापड बेतायची, धाकटी शिवायची आणि गिऱ्हाइकांची मापं सांभाळायची. मी दाराजवळच्या मशीनवर काजं करायला बसत असे. म्हणून पुढचं सगळं मी समोरून पाहिलेलं आहे, कुणाच्या तोंडचं ऐकलेलं नाही.

थोरलीनं बेतलेली बाही घातली की हात वर करा, मागे न्या, मुंढ्यात कुठं ओढ बसायची नाही. हे कसब तिला कुणी शिकवलं नव्हतं. फाटके कपडे उसवून उसवून ती ते शिकली. “शिवलेलं सगळेच बघतात गं,” ती धाकटीला सांगायची, “उसवलेलं बघ. तिथं कापड खरं बोलतं.” आणि दुसरा धडा असा, की चांगल्या कापडाला एकदम कात्री लावायची नाही. आधी मांजरपाटावर कापून बघायचं, ते जाडंभरडं स्वस्त कापड चुकलं तरी कुणी रडत नाही.

तिचे नमुने तपकिरी कागदावर असत. त्या कागदांना वाळवी लागली तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर, ती संगणक शिकली. पहिल्यांदा माउस हातात घेतला तो टेबलभर असा फिरवला, की आम्हाला वाटलं इस्त्रीच करते आहे. दुरुस्तीवाल्यानं एका जुन्या खटाऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं आणि म्हणाला, “फुकट आहे, आणि खातंही कमी.”

“मग आमच्यासारखंच आहे,” थोरली म्हणाली.

एकेक नमुना तिनं त्या पडद्यावर नव्यानं आखला आणि बाहेरून लावायच्या हार्डडिस्कमध्ये ठेवला. डिस्कला तिनं कापूस भरून पिशवी शिवली होती, तिला झाकण आणि टिचबटण. आत दोन फोल्डर होते. एक थोरलीचं, त्यात नमुने. एक धाकटीचं, त्यात मापं. एकमेकींचं उघडून बघता येई, बदलता येत नसे. थोरलीला ही व्यवस्था फार पसंत होती. “बघ, यंत्रालाही खुंटी कळते,” ती म्हणायची.

पुढे तो खटारा धूर सोडून मेला. डिस्क वाचली. नवं मशीन आलं तेव्हा थोरली मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली होती. परत आली, डोळा निवला, आणि एका सकाळी तिनं बाहीचा एक नमुना उघडला. खांद्याकडे जरा उतार कमी करायचा होता. रेघ हलवली, जतन करायला गेली, तर पडद्यावर आलं: परवानगी नाही.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. डिस्क काढली, पुसली, लावली. वायर बदलली. नमुना दिसत होता, रेघ न् रेघ दिसत होती, पण दुकानाच्या काचेआडच्या साडीसारखा. बघा, हात लावू नका. मग तिनं फोल्डरवर टिचकी मारून आतली माहिती उघडली. तिथं लिहिलं होतं: मालक, धाकटी.

थोरलीनं चष्मा काढला, पुसला, लावला. अक्षरं तीच राहिली. एकेक फाइल बघितली. सगळ्यांवर धाकटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गल्लीच्या टोकाच्या कपड्यांच्या कारखान्यात फोन केला. बेतणाऱ्यांवर देखरेख करायला ते तिला कितीदा बोलवत होते, आणि ती दर वेळी हसून नाही म्हणत होती. या वेळी “आजपासून येते” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. माझ्या मशीनवर धागा तुटला. ती गेली तर दुकानात शिवायला काय उरणार, ते मला कळत होतं, आणि धाकटीलाही.

“जाऊबाई, कुठं निघालात?” धाकटीनं विचारलं.

“जिथं माझ्या कामावर माझं नाव असेल तिथं.”

“म्हणजे काय?”

“करून सवरून मलाच विचार.” थोरलीनं पडद्याकडे बोट केलं.

धाकटी वाकून वाचू लागली. तिच्या गळ्यातली टेप लोंबत कळफलकावर पडली. “हे मी नाही केलं!”

“मग काय टाचणीनं केलं?”

“थांबा, माझं बघू द्या. नवं मशीन आल्यापासून मी मापं वहीतच लिहितेय.” धाकटीनं आपल्या नावानं मशीन उघडलं, आपलं फोल्डर काढलं, आणि तिचा आवाज एकदम चढला. “हे घ्या! माझी सगळी मापं तुमच्या नावावर! मी तुमचं लुबाडलं, तर माझं कुणी लुबाडलं?”

“मी तर डोळ्याला पट्टी बांधून पडले होते.”

मग थोरली पुन्हा आपल्या नावानं बसली, धाकटीच्या फोल्डरमधली एका गिऱ्हाइकाची कंबर दोन इंचांनी वाढवली आणि जतन केली. मशीननं निमूट ऐकलं.

“घे. तुझ्या गिऱ्हाइकाला मी जाड करू शकते,” ती म्हणाली, “आणि माझ्या बाहीला बोट लावू शकत नाही. याला काय म्हणायचं?”

मला हसू आलं. “काजं कर,” दोघी एकदम म्हणाल्या.

धाकटीला आपल्याच फोल्डरमध्ये काही बदलता येईना, म्हणून ती कंबर परत कमी करायलाही थोरलीच लागली. मग धाकटीनं दुरुस्तीवाल्याला फोन लावून तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

“डिस्क काढून लावली?” तो म्हणाला.

“लावली.”

“वायर बदलली?”

“बदलली. आता तुझ्या डोक्याची तेवढी राहिलीय,” थोरली म्हणाली.

“मग सोपं करू. सगळं सगळ्यांना खुलं करून टाकतो.”

“अजिबात नाही. ज्याची कात्री त्याच्या खुंटीला. मालक कुणी बदलला ते सांग.”

त्यानं पडद्यावर काय दिसतं ते वाचायला लावलं. “कुणी नाही बदलला,” तो म्हणाला. “डिस्कला तुमची नावं ठाऊकच नाहीत. तिला नंबर ठाऊक. मशीनवर पहिलं खातं ज्याचं त्याचा एक नंबर, दुसऱ्याचा पुढचा. फाइलवर फक्त नंबर असतो. नाव त्या त्या मशीननं लावायचं. जुन्या मशीनवर पहिल्या कोण होत्या?”

“मी,” थोरली म्हणाली. “मोठी कोण आहे इथं?”

“आणि नव्यावर?”

धाकटी टेपची गुंडाळी करत होती, सोडत होती, करत होती.

“नव्यावर मी,” ती हळूच म्हणाली. “यानं विचारलं, आधी कुणाचं नाव घालू? मला वाटलं, नवं यंत्र, पहिल्या फेरीत काही चुकायचं. चुकलं तर तुमच्या नावावर नको. आधी माझ्यावर करून बघू. मांजरपाटासारखं.”

थोरली स्टुलावर बसली.

पुढचं काम धाकटीच्या हातून व्हायचं होतं, कारण पहिल्या खात्याकडेच मशीनच्या किल्ल्या असतात. दुरुस्तीवाला फोनवरून एकेक अक्षर सांगत होता: आधी सुडो, म्हणजे किल्लीवाल्याच्या अधिकारानं, मग मालक बदलायची आज्ञा, मग नव्या मालकाचं नाव, मग फोल्डरचा पत्ता. मशीननं पासवर्ड मागितला. धाकटीनं बोटं चालवली आणि घाबरून थांबली. “अहो, उमटतच नाही काही!”

“उमटत नसतं. दाबत राहा.”

“आंधळी कोशिंबीरच आहे ही.”

एक ओळ थोरलीच्या फोल्डरसाठी, एक धाकटीच्या. मशीन काहीच बोललं नाही. त्यालाच झालं म्हणायचं, असं फोनवरून कळलं.

थोरलीनं आपल्या नावानं बाही उघडली. उतार हलवला, जतन केला. गेलं.

“म्हणजे इतके दिवस मी तुम्ही होते?” धाकटीनं विचारलं.

“आणि मी तू. उगाच का अशी येड्यासारखी वागले?”

धाकटीला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. थोरली उठली, चपला शोधू लागली.

“आता कुठं?”

“कारखान्यात.”

“अजून?” धाकटीचा चेहरा उतरला.

“येते म्हणून सांगितलंय. येत नाही हे सांगायला तोंड न्यावं लागतं. माझ्यासाठी टेबल रिकामं करून ठेवलं असेल बिचाऱ्यांनी.” उंबऱ्यावर ती थांबली. “मी येईपर्यंत ती बाही कापू नकोस,” म्हणाली, आणि पदर खोचून निघाली.

धाकटी दारात येऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. थोरली उन्हातून गल्लीच्या कडेकडेनं, तिच्या नेहमीच्या संथ चालीनं जात होती. “पण जुन्या मशीनवर मी दुसरी आहे,” धाकटी पुटपुटली, “हे डिस्कला कुणी सांगितलं होतं?” “जुन्या मशीननंच, प्रत्येक फाइलवर तुमचा नंबर टाकून,” मी म्हणालो. थोरली कारखान्याच्या फाटकातून आत गेली, तरी आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.