कोरडा बर्फ, ओला बर्फ

बर्फाविषयी माझ्या मावशीच्या यजमानांइतकं बोलणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. रनाळ्यात मार्चातच पत्रे तडतडायला लागतात, पण काका बारा महिने बर्फातच असत. फौजेतली उमेदीची वर्षं काश्मिरात गेलेली. लग्नाच्या पंगतीत भाताचा ढीग थापटून ते शेजाऱ्याला सांगत, "हाऊ वल्ला बर्फ. जठे पडस तठेच बठस. छप्पर मोडस, झाडं मोडस, तारा तोडस." कोरड्याची तऱ्हा निराळी. तो हलका, छपराला काही करत नाही. पण डोंगरउतारावर साचतो आणि एकदम खाली येतो. हे पटवायला प्रकाशा गावच्या घाटावर, कुणाच्या तरी दहाव्याला, त्यांनी पिंडाचं पीठ फुंकून दाखवलं. भटजी डोळे चोळत राहिले. मावशी तर बर्फाचा 'ब' निघाला की उठून आत जाई.

मुलगाही फौजेत गेला, काकांपेक्षा उंच ठाण्यावर. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वल्ला शे का कोरडा?"

गेल्या हिवाळ्यात तो फोन यायचा थांबला. टीव्हीवर बर्फवृष्टीच्या बातम्या. मावशीचं जेवण सुटलं. एका संध्याकाळी तिनेच विचारलं, "तठे कोरडा पडस का वल्ला?"

"वल्ला," काका म्हणाले. "तारा तुटी गयात व्हतीन. जोडतीन."

मग ओट्यावर येऊन माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "इतला उंचावर वल्ला पडतच नही रे." त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्या तोंडून बर्फाचा शब्द आला नाही.

अखेर फोन आला. मुलगा वाचला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याला आणायला मी काकांबरोबर नंदुरबार स्टेशनवर गेलो. उजव्या हाताला पट्टी. थंडीने बोटं गेलेली. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "पीठना मायक कोरडा व्हता, आबा. उतारच खाले उना. मन्हा जोडीदार त्यामाच गया."

गाव जवळ आल्यावर काका एवढंच म्हणाले, "घरमा 'वल्ला' सांगजो."

मावशीने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पाट मांडता मांडता तिने विचारलंच. "वल्ला व्हता, माय," तो खाली बघत म्हणाला. "तारा तुटी गयथ्यात."

"तुन्हा आबा सांगतच व्हता!" म्हणत तिने काकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्यांचं एवढं कौतुक वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी मान हलवली. मग मुलाच्या शेजारी सरकून त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.