बर्मा म्हणजे तूर

आमच्या ग्रंथालयातलं वर्तमानपत्र सोनकांबळे मॅडमच्या हातून सुटलं की दुसऱ्याला वाचण्याजोगं राहत नसे. पहिल्या पानावर कुठल्याशा देशात सरकार पडल्याची बातमी असली की मॅडम तिच्याभोवती लाल शाईनं गोल करत, आणि आतल्या बाजारभावाच्या पानावर तुरीच्या नाहीतर तेलाच्या भावाभोवती तसाच दुसरा. निलंग्याच्या या महाविद्यालयात मी ग्रंथपाल. पुस्तकावर पेन्सिलीची रेघ दिसली तरी माझा दिवस खराब जातो. एकदा धीर करून मी त्यांना टोकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ग्रंथपाल, एकाच बातमीचे दोन तुकडे करून छापायलेत हे लोक. मी नुसती जोडायलेय."

मॅडम अर्थशास्त्र शिकवत. शेवटच्या वर्षाला 'आशियाई देशांचं राजकारण आणि अर्थकारण' हा ऐच्छिक विषय होता, त्यात त्यांचा जीव. ठेंगण्या बांध्याच्या, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या मॅडम वर्गात कधी देशाच्या नावापासून सुरुवात करत नसत. काल घरी काय शिजलं, फोडणीला तेल कुठलं होतं, इथून तास सुरू होई. मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "आता हे आपल्या चुलीपर्यंत कुठल्या वाटंनं आलं, सांगा."

इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं थांबवलं, तेव्हा त्या अख्खा वर्ग घेऊन एसटी स्टँडसमोरच्या भजीच्या गाड्यावर गेल्या. भजी लहान का झाली, हे गाडेवाल्याच्याच तोंडून पोरांना ऐकवायचं होतं. तो वैतागला. "भजी खायची तर खा मॅडम, माझी परीक्षा कशाला घ्यायल्यात?" मॅडमनी दोन प्लेट भजी खाल्ली आणि परीक्षा पूर्ण करूनच उठल्या. इंडोनेशियातल्या बायकांना घरात तेल मिळेना, त्या रांगा पाहून सरकार घाबरलं, आणि त्या घाबरण्यानं आपल्या स्टँडवरचं भजं लहान केलं, असा तो धडा.

पण विषयाला पोरं नऊच. कमी संख्येचे विषय बंद करायचे की ठेवायचे, हे ठरवायला विद्यापीठाकडून तिघांची समिती येणार होती. आदल्या दिवशी मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. समोरच्या वर्तमानपत्राला त्यांनी हात लावला नाही. विषय गेला तर आपण दुसरा शिकवू, आपलं काही अडत नाही, असं त्या म्हणाल्या. मग हळूच पुढं बोलल्या, "पण या पोरांना जल्मभर वाटत राहील, की जग कुठंतरी लांब चालतं आणि आपण ते नुसतं भोगायचं असतं."

समिती माझ्याच ग्रंथालयात बसली. अध्यक्ष सभ्य होते, पण कंटाळलेले. निलंग्याच्या मुलांना या विषयाचा उपयोग काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग समोर बसलेल्या पोरांतल्या रुखसानाकडे वळले आणि म्यानमारबद्दल चार वाक्यं सांगायला सांगितलं. रुखसाना आठवडाभरापूर्वीच या वर्गात आली होती. तिनं नाव पुन्हा विचारलं. अध्यक्षांनी मदत केली, "अगं, पूर्वीचं बर्मा."

"बर्मा म्हणजे तूर, सर."

तिघेही हसले. शेजारी बसलेल्या आमच्या प्राचार्यांनी मान खाली घातली. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्या देशातून आलेल्या तुरीला बर्माच म्हणतात, आणि रुखसानाचे वडील लातूरला दालमिलीत कामाला. तो शब्द तिनं देश म्हणून कधी ऐकलाच नव्हता. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"बरोबर हाय. बर्मा आला की काय होतं?"

"आपल्या तुरीचा भाव बसतो. अब्बा म्हणतेत, गोदामात बर्मा उतरला की मोंढ्यात शेतकऱ्याचं तोंड उतरतं."

"आणतं कोण?"

"व्यापारी. पण सरकारनं सोडला तरच येतो." ती पुढं म्हणाली, "शहरात डाळ महागली की लोकं ओरडतेत. निवडणूक जवळ असली की ते ओरडणं सरकारला लई मोठ्यानं ऐकू येतं."

या वेळी हसू आलं ते निराळं होतं. रुखसानाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं मॅडमनाच उलट विचारलं, "तिकडची लोकं तूर खातेत का?"

"फारशी न्हाई. आपल्यासाठीच पेरतेत."

रुखसाना म्हणाली, "म्हंजे दिल्लीत कुणी कागदावर सही केली, की तिकडच्या बाईनं रानात काय पेरायचं ते ठरतं? आन् तिनं जास्ती पेरलं की इथं आमचा भाव पडतो?"

अध्यक्षांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "हे कुठल्या पुस्तकात आहे, मॅडम?"

"लिहायचं राहिलंय, सर."

विषय राहिला. पुढच्या वर्षी पोरं इतकी आली की माझ्या वाचनकक्षातले बाक वर्गात गेले. तक्रार करायला म्हणून मी गेलो आणि दारात उभा राहून पूर्ण तास ऐकून आलो. रुखसाना आता नांदेडला पुढचं शिकते आहे. तुरीवरच लिहिते आहे.

या हिवाळ्यात मॅडम नांदेडच्या दवाखान्यात होत्या. मी गेलो तेव्हा बोलणंही जड जात होतं. त्यांच्या माहेरच्या गावच्या, उमरीच्या महाविद्यालयानं हा विषय सुरू केला आहे, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे उघडले. पोरं किती, एवढंच विचारलं. बाक कमी पडतायत म्हणालो.

"उभी राहतील," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर सरळ सरळ जिंकल्याचा आनंद होता.

चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. उमरीच्या प्राध्यापकांचा मला फोन आला. पोरं वर्गात येऊन बसली आहेत, सोडून देऊ का, असं ते विचारत होते. मी म्हणालो, "तास घ्या."