चिकटवलेली पानं

कलकत्त्यातल्या त्या एका वर्षात मी जितक्या कादंबऱ्या वाचल्या तितक्या आयुष्यात पुन्हा कधी वाचल्या नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक मी दातओठ खात वाचल्या. वाचनानं मन शांत होतं असं सांगणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून राग आहे. माझं मन त्या वर्षी एक दिवससुद्धा शांत नव्हतं, आणि तरी पुस्तक हातात नसलं की मी घरात पिसाटल्यासारखी फिरत असे.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. नवऱ्याची बँकेतून बदली झाली आणि आम्ही पुण्याहून उठून बालीगंजला येऊन पडलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली ट्रामचा खडखडाट, समोरच्या भिंतीवर नक्षलवाद्यांची रोज नवी घोषणा. जवळपास कुठे बॉम्ब फुटला की गल्लीतली दुकानं धडाधड बंद होत आणि नवरा दारात दिसेपर्यंत मी खिडकी सोडत नसे. बाकी दिवसाला काही अर्थच नव्हता. मला बंगाली येत नव्हतं. मूल नव्हतं. पुण्यातली शाळेतली नोकरी मी सोडून आले होते, म्हणजे सर्वांनी मिळून मला ती सोडायला लावली होती. ट्रंकेतून आणलेली चार पुस्तकं दोन महिन्यांत दोनदा वाचून झाली.

त्यात शेजारची बाई. दुपारी जेवण झालं की ती ओले केस उशीवर पसरून पलंगावर पालथी पडायची आणि दुर्गापूजेचा, आपल्या दिवाळी अंकासारखा जाडजूड अंक वाचत बसायची. तिच्या खिडकीचा पडदा कधी ओढलेला नसे. आमच्याच गल्लीत बंगाली लायब्ररी होती, पुढच्या गल्लीत दुसरी होती, आणि तिचा नवरा ऑफिसातून येताना मासळीबरोबर पुस्तकही घेऊन यायचा. तिचं सुख मला बघवत नसे. मी माझ्या खिडकीचं दार आपटून लावत असे आणि मग उकाड्यानं पुन्हा उघडत असे.

मराठी पुस्तकं सगळ्या शहरात आम्हाला मिळण्यासारखी एकाच ठिकाणी होती. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दोन लोखंडी कपाटं होती आणि त्यांच्या किल्ल्या एका काकांकडे होत्या. हे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील कलकत्त्यात आले होते, त्यांचा स्वतःचा जन्म इथला, आणि मंडळ म्हणजे आपल्या घरची पडवी असं ते धरून चालायचे. आम्ही बदलीवर येणारी कुटुंबं त्यांच्या लेखी धर्मशाळेतली. नियम त्यांनीच केलेले. पुस्तक दर रविवारी सकाळी मिळणार, एका कुटुंबाला एक, आणि ते कुटुंबप्रमुखाच्या नावावर. कपाटाशी बायकांनी यायचं नाही. नवऱ्यानं टेबलाशी जाऊन मागायचं आणि काका आत हात घालून जे काढतील ते घ्यायचं.

"हिच्यासाठी काहीतरी हलकंफुलकं द्या," माझा नवरा पहिल्या रविवारी म्हणाला. मी दोन हात अंतरावर उभी होते. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, हलकंफुलकं म्हणजे काय? तो म्हणाला, अगं, बोलायची पद्धत असते.

तिसऱ्या पुस्तकात मला ती पानं सापडली. कोकणातल्या एका विधवा शिक्षिकेची गोष्ट होती. ती सासरच्यांसमोर उभी राहून काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि पुढचं पान येतं त्यात ती एकदम बैलगाडीत बसलेली. मधली दोन पानं एकमेकांना कडेनं डिंक लावून घट्ट चिकटवलेली होती. आधी मला वाटलं, कुणाच्या हातून काही सांडलं असेल. पण पुढे आणखी दोन जागी तेच. पुढच्या रविवारी नवऱ्यानं माझ्या सांगण्यावरून काकांना विचारलं. काका मान हलवून म्हणाले, "घरात लेकीबाळी असतात, साहेब. सगळं सगळ्यांनी वाचायचं नसतं." नवऱ्यानं हसून मान डोलावली.

"चार पानांनी काय बिघडतंय?" असं तो नंतर म्हणाला. तो स्वभावानं वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की चार पानांनी काही बिघडत नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

मग मी भाताच्या पातेल्यावर पानं धरायला शिकले. भाताला उकळी आली की झाकण सरकवायचं, पुस्तक उघडून वाफेवर धरायचं आणि डिंक नरम झाला की सुरीच्या पाठीनं हळूहळू सोडवायचं. वाचून झालं की पुन्हा डिंक लावून वरवंट्याखाली ठेवायचं. आत काहीतरी भयंकर असणार अशा अपेक्षेनं मी पहिल्यांदा तो प्रकार केला. काही नव्हतं. शिक्षिका सासऱ्याला म्हणते, माझा पगार मी माझ्याजवळ ठेवणार. एवढंच. नंतरच्या पुस्तकांतही तेच. प्रेमाबिमाची वर्णनं, चांदणं, नायिकेच्या मानेवरचे केस, हे सगळं काकांनी उघडं ठेवलं होतं. ते त्यांनी स्वतः आवडीनं वाचलं असणार. चिकटवलेल्या पानांत कुठे एखादी सून उलट बोलत होती, कुठे एक बाई बॅग भरून घराबाहेर पडत होती, एकीनं तर नुसतं जेवायला वाढायला नकार दिला होता. त्यांना बायकांच्या चारित्र्याची काळजी असती तर मी त्यांना जुन्या वळणाचे म्हणून सोडून दिलं असतं. त्यांची काळजी वेगळीच होती, आणि ती कळल्यावर मी त्या माणसाचा मनापासून द्वेष करायला लागले.

मग एकदा घाई नडली. नवरा लवकर आला, मी पान ओढलं आणि ते मधोमध फाटलं. मी कसंबसं पुस्तक मिटलं आणि रविवारी परत दिलं. परत आलेली सगळी पुस्तकं काका पिशवीत घालून तपासायला घरी नेत असत. आता आपलं नाव कटणार म्हणून मी पूर्ण आठवडा धुमसत होते. आपण काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी काकांनी काही न बोलता नवं पुस्तक दिलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला हळदकुंकू लावता लावता अगदी हळू आवाजात म्हटलं, "आधी शिवणीकडून सोडवायचं, मग कडेकडे यायचं. तू कडेनं ओढलंस म्हणून फाटलं. मी मैद्याची खळ लावून पातळ कागदानं सांधलंय, ह्यांच्या लक्षात नाही आलं." आणि माझ्या हातात तिळगूळ ठेवून त्या पुढच्या बाईकडे वळल्या.

मी तिथे आ वासून उभी. ही बाई सत्तावन्न-अठ्ठावन्नची असेल. डोक्यावरून पदर, नवऱ्यासमोर 'हो'च्या पुढे शब्द नाही. ती कित्येक वर्षं नवऱ्यानं चिकटवलेली पानं त्याच्याच स्वयंपाकघरात सोडवून वाचत होती आणि त्याला चहा द्यायच्या आत पुन्हा चिकटवत होती.

त्यानंतरचे काही महिने माझ्या आठवणीत वेगळे आहेत. रविवारी हॉलमध्ये चहा काकू देत. माझ्या हातात कप देताना त्या एखादा आकडा पुटपुटत. "एकशे चौदा." किंवा "शेवटून सातवं." मी घरी जाऊन बरोबर तिथे सुरी लावत असे. पुढच्या रविवारी कपबशीच्या आवाजात आमचं दोन वाक्यांत बोलणं व्हायचं. "ती परत नको होती यायला," मी म्हणायचे. "आली नसती तर राहिली कुठे असती, सांग," त्या म्हणायच्या. आमचं कधी पटलं नाही. मला बाया घर सोडून गेलेल्या आवडायच्या, त्यांना घरात राहून स्वतःचं खरं करणाऱ्या. पण कादंबरीवर माझ्याशी भांडणारं एक माणूस मला त्या शहरात मिळालं होतं. कादंबरी वाचून जो आनंद मिळतो म्हणतात, तो मला मिळाला तो तेवढ्याच काळात.

पुढे मंडळाची वार्षिक सभा आली. काकांनी उभं राहून ठराव मांडला. दुसऱ्या कपाटातली खालची फळी आक्षेपार्ह आहे, ती रद्दीत काढावी आणि तिथे संतवाङ्मय ठेवावं. म्हणजे आता नुसती पानंसुद्धा नाहीत, पूर्ण पुस्तकंच जाणार. नवऱ्यानं माझा हात दाबला. मी हात सोडवून उभी राहिले. बायकांना स्वतःच्या नावावर पुस्तक मिळालं पाहिजे, कपाट उघडं पाहिजे आणि पानं चिकटवणं बंद झालं पाहिजे, असं मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. काकांचा नाही. ते हसत होते.

"हे बघ, मुली," ते म्हणाले, "तुम्ही बदलीची मंडळी. दोन वर्षं राहणार, शहाणपणा शिकवणार आणि जाणार. आम्हाला इथं पिढ्या काढायच्यात. माझ्या घरात तीस वर्षं ही पुस्तकं येताहेत. माझ्या घरातल्या बाईनं त्या पानांना कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

काकू मागे, दाराशी, चहाचे कप मांडत होत्या. मला त्या दिसत होत्या. त्यांनी मान अगदी थोडीशी हलवली, नको म्हणून. ती मी पाहिली. पाहिली नाही असं मी पुढे स्वतःला बरीच वर्षं सांगत आले, पण मी पाहिली होती.

"घरी विचारून बघा," मी म्हणाले. "तुमचा डिंक तुमच्याच भाताच्या वाफेवर किती वेळा सुटलाय ते काकूंना विचारा."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी हसलं, आणि सगळा हॉल हसला. पुरुष जास्त हसले. काकांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग काळवंडला. ते मागे वळून बायकोकडे बघत राहिले. त्या कप मांडत राहिल्या. ठराव फेटाळला गेला, काकांनी तिथल्या तिथे किल्ल्या टेबलावर टाकल्या, आणि अध्यक्षांनी त्या हसत हसत माझ्या हातात दिल्या. मी जिंकले होते. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुढचे दोन रविवार काकू आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडलं, पण 'ये' म्हटलं नाही. उंबऱ्याच्या आत त्या आणि बाहेर जिन्यावर मी.

"तुझं फाटलेलं पान मी सांधलं होतं," त्या म्हणाल्या. "तू माझं एवढंच एक जे होतं ते हॉलभर लोकांना हसायला दिलंस."

मी माफी मागायला गेले होते. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "तुम्ही तीस वर्षं गप्प बसलात म्हणून त्यांचं फावलं," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "तू जाशील दोन वर्षांनी. मला ह्याच घरात, ह्याच माणसाबरोबर राहायचंय. आता स्वयंपाक होईपर्यंत ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी जिना उतरताना काकांना शिव्या घातल्या, नवऱ्याला घातल्या, त्या हसणाऱ्या पुरुषांना घातल्या. स्वतःला घातल्या नाहीत. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

त्यावर मी इलाज शोधला, तोही माझ्याच पद्धतीनं. नवीन वही आणली, त्यात बायकांची खाती उघडली, प्रत्येकीच्या स्वतःच्या नावानं. पहिलं नाव काकूंचं लिहिलं. खालच्या फळीवरची एक कादंबरी घेतली, तिची चिकटवलेली पानं सगळी सोडवून कडा नीट कापल्या आणि ती दोऱ्यानं बांधून त्यांच्याच एका शेजारणीबरोबर त्यांच्याकडे पाठवून दिली. आता हे हक्काचं पुस्तक आहे, आता लपवायला नको, असं मला वाटत होतं.

रविवारी दोघं आले. काका पुढे, काकू दोन हात मागे. हॉलमध्ये दहाबारा माणसं होती. काकांनी पुस्तक टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. ते उघडलेलंच नव्हतं, मी बांधलेला दोरा तसाच होता.

"वहीतलं नाव काढून टाक," ते म्हणाले. "हिला वाचायची आवड नाही."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी थांबले, चांगलीच थांबले. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात माझ्यासाठी काहीसुद्धा नव्हतं, रागसुद्धा नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मला नाही आवड."

काका उभेच होते. मी पेन उचललं आणि पहिलं नाव खोडलं.