भिंगरीला आले दोन दात

दरोडे, खून पुष्कळ पाहिले. त्यांतले निम्मे तपशील आता विसरलो. पण गाणं चोरीला गेल्याची ती तक्रार अजून जशीच्या तशी आठवते.

सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर गायक-वादकांच्या संघटनेची कचेरी होती. तिचे सचिव, निवृत्त संगीतशिक्षक, एका सकाळी अर्ज घेऊन आले. तीन मोटारसायकलींच्या चोऱ्या माझ्या डोक्यावर होत्या. मी वैतागून म्हणालो, "गुरुजी, गाण्याचा पंचनामा कुठे करू? ते ठेवलं होतं कुठल्या कपाटात?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सोबतच्या बाईंना पुढे केलं. अक्कलकोटकडच्या, साठीच्या, भाकऱ्या करून देणाऱ्या. मागे त्यांची लेक होती. वयाने तिशीची, समज पाच-सहा वर्षांच्या मुलीएवढी. ती आईकडे पाठ करून बाकावर बसली होती.

"सायेब, हिच्यासाटी मी अंगाई केली होती," बाई म्हणाल्या. "'माझ्या बंगारीला आले दोन दात, खाईल आता दूदभात.' बंगारी म्हंजे सोनं, कन्नडमंदी. हिला आमी बंगारीच म्हनतो. इथल्या एका गायकानं बंगारीची भिंगरी केली. वरातीत वाजतंय, मोबाइलवर वाजतंय. हिला वाटतंय, मी हिचं गानं भिंगरी नावाच्या दुसऱ्या पोरीला दिलं. आठ दिस झालं, माज्याशी बोलत न्हाय की."

मी अर्ज चौकशीवर घेतला.

गायक शहरात नावाजलेला आणि संघटनेचाच सभासद. आपल्याच माणसाविरुद्ध ठाण्यात जाता, म्हणून गुरुजींना बाकीच्यांनी सुनावलं होतं. त्यावर गुरुजींनी आदल्याच दिवशी बाईंना रीतसर सभासद करून घेतलं. "आता दोघंही आमचीच," ते म्हणाले. "गाणं करणाऱ्याचं नाव लागत नसेल, तर संघटना हवी कशाला?"

दोन दिवसांत आमच्या महिला हवालदाराने खबर आणली. हा गायक कॉलेजात असताना ज्या खानावळीत जेवायचा, तिथे भाकऱ्या याच मावशी करायच्या.

गायकाला जबाबाला बोलावलं. गुरुजी मायलेकींना घेऊन शेजारच्या खोलीत बसले. गडी मोठा गोडबोल्या. "पारंपरिक लोकगीत आहे साहेब, आजीकडून ऐकलेलं." खोटं बोलणारा उत्तरं घोकून येतो, पण आडवा प्रश्न त्याने घोकलेला नसतो. मी विचारलं, "भिंगरी म्हणजे काय हो?"

"गरागरा नाचणारी पोरगी, साहेब."

"मग नाचायच्या वयात तिला पहिले दोन दात कसे आले?"

तो खिशातला मोबाइल चाचपू लागला.

"आणि कुठल्या खानावळीत आले?"

त्याने मान खाली घातली. "मावशी भाकरी थापताना म्हणायच्या. मला भिंगरीच ऐकू आलं. विचारायला हवं होतं. दोन वर्षं जेवू घातलंय त्यांनी मला, साहेब."

त्याने सगळं जबाबात लिहून दिलं. गुन्हा दाखल करू का, मी बाईंना विचारलं. "गुन्हा नगं. हिच्यापुढं खरं गानं म्हनू दे त्याला, बास."

तो माणूस ठाण्याच्या फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि वाद्याविना गायला. या वेळी त्याने 'बंगारी'च म्हटलं. पोरीने सबंध अंगाई ऐकून घेतली, मग त्याला दटावलं, "चुकला व्हतास." आणि उठून आईच्या मांडीत डोकं खुपसलं. माझे डोळे भरून आले. हवालदार बघत होती. बघू दे म्हटलं.

गुरुजींनी गाण्याच्या नोंदणीचा अर्ज काढला. रचनाकाराच्या रकान्यात बाई लेकीचं नाव लिहा म्हणाल्या.

"अहो, गाणं तुम्ही केलं ना?"

"केलं मी. पन हाय तिचं."

गुरुजींनी रकान्यात आईचं नाव घातलं आणि समासात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'बंगारीची अंगाई'. गायकाने पुढे नव्याने ध्वनिमुद्रण केलं, ते याच नावाने.

चोरीच्या तक्रारीत आम्ही मालाचं वर्णन लिहितो, किंमत लिहितो. गेलेली वस्तू त्या घरात काय काम करत होती, हे विचारायला छापील नमुन्यात जागा नाही. उरलेल्या नोकरीत मी ते तोंडी विचारत गेलो. कारण त्या अर्जात गाणं चोरीला गेलं असं लिहिलं होतं, पण बाईंची लेक आठ दिवस हरवलेली होती, आणि ती आमच्यासमोर बाकावरच बसली होती.