रत्नाच्या हातातली चावी

ट्रॅक्टर केळीच्या बागेतून बाहेर पडता पडताच बंद पडला आणि रत्नाने वळून पाहिलं. मागे ट्रॉली घडांनी भरलेली, ऊन चढत चाललेलं, आणि चोपड्याच्या फाट्यावर व्यापाऱ्याचा ट्रक उभा. दुपार झाली की तो दुसऱ्याचा माल भरून निघून जाणार होता.

नवऱ्याचा, ज्ञानेश्वरचा, उजवा हात लकव्याने गेला तेव्हापासून ट्रॅक्टर रत्नाच चालवायची. गावाने आधी तोंडात बोटं घातली, मग निमूटपणे आपली नांगरटही तिलाच सांगितली. धाकटा दीर हितेंद्र याच्या डोळ्यांत मात्र ती सलायची. आठवडाभर ट्रॅक्टर चालू व्हायला कुरकुर करत होता. आता एकदा जरी रस्त्यात बंद पडला तर चावी माझ्याकडे, असं त्याने सगळ्यांदेखत बजावलं होतं. सासूबाई, भिकुबाई, तेव्हा गप्प बसल्या. रत्नाला तेच जास्त लागलं.

आता तोच हितेंद्र मोटारसायकलला टेकून बघत होता. घड कापणाऱ्यांची भाकरी घेऊन आलेल्या भिकुबाईही बांधावर थबकल्या.

रत्नाने चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन धरेना. सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नाही, म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं. तिने फिल्टरचा बोल्ट सैल केला, डिझेलचा हातपंप मारला, अडकलेल्या हवेचे बुडबुडे निघून गेल्यावर बोल्ट आवळला. इंजिन चालू झालं. जरा पुढे गेलं आणि पुन्हा मेलं. फिल्टर तर तिने परवाच नवा बसवला होता! पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. बॅटरी आता रडायला लागली होती, जेमतेम एका सेल्फचा जीव उरला होता.

"वहिनी, उतर खाले. चावी दे," हितेंद्र म्हणाला.

ती उतरली, पण चावी मुठीत घट्ट धरून. संतापाने तिचे कान तापले होते. निदान टाकीत डिझेल तरी बघावं म्हणून तिने झाकण फिरवलं, तर टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. रत्ना जागीच थांबली. डिझेल खाली जातं तशी टाकीत हवा शिरायला झाकणाला एक बारीक भोक असतं. तिने झाकण उलटसुलट केलं. अंगठा लाल झाला. भोक शेंदराने बुजलं होतं, थरावर थर चढून. हवा आत शिरत नव्हती, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं.

कोणाचा शेंदूर हे तिला विचारावं लागलं नाही. दर अमावस्येला भिकुबाई ट्रॅक्टरला नारळ फोडायच्या, शेंदूर लावायच्या. बांगडीतली पिन काढून तिने भोक कोरलं. देवाचा शेंदूर खरवडताना मनातल्या मनात हात जोडले. मग हवा काढली, चावी फिरवली. सेल्फ कण्हला, रखडला, आणि इंजिनाने धरलं. या वेळी ते धडधडतच राहिलं.

हितेंद्रने विचारलं, काय झालं होतं? एका वाक्यात त्याचं तोंड बंद झालं असतं. रत्नाने सासूबाईंकडे पाहिलं.

"कचरा व्हता," ती म्हणाली.

भिकुबाई पुढे आल्या. त्यांनी पिनेचं लाल टोक पाहिलं, मग धाकट्या लेकाकडे.

"कचरा नही, मन्हा शेंदूर व्हता तो. सून ट्रॅक्टर चालाडस, कोनी नजर लागाले नको म्हनीसन लायेल व्हता. चावी तिन्हाच हातमा राही."

हितेंद्रने मोटारसायकलला किक मारली. रत्नाने गिअर टाकला. फाट्यावरचा ट्रक दिसेपर्यंत तिने डोळे पुसले नाहीत.